कारभाऱ्याच्या हाती किती चाव्या

माझी सून म्हणते, आई दुधाच्या पिशवीलाही ओळखपत्र विचारतात. साफ खोटं. मी फक्त तारीख बघते, आणि पिशवी उलटी करून पुन्हा एकदा बघते. लोणावळ्यात शनिवार-रविवारी गल्लीत शिरणाऱ्या अनोळखी गाड्यांचे नंबर टिपणारी मी काही एकटी म्हातारी नाही. फरक एवढाच, की बाकीच्या खिडकीतून बघतात आणि मी कॉम्प्युटरमधूनही बघते.

निवृत्त होईपर्यंत पिंपरी-चिंचवडच्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळले. आता बायकांच्या एका संस्थेचा एकुलता एक सर्व्हर सांभाळते, चहावर. घर सोडून आलेल्या बायकांना ही संस्था काही महिने आसरा देते. आसऱ्याचं घर मावळातच आहे. मावळात कुठं, ते इथे लिहिणार नाही. ही सगळी गोष्टच त्या 'कुठं'ची आहे.

आमचा सर्व्हर म्हणजे खरं तर वेगळं यंत्रसुद्धा नाही. एका कंपनीच्या भल्यामोठ्या यंत्राच्या पोटात आम्ही एक काल्पनिक यंत्र भाड्याने घेतलं आहे, बंगल्यातली एक खोली घ्यावी तसं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. यंत्र आमचं, भिंती मालकाच्या. आणि आमच्या या खोलीत मालकाचा एक कारभारी राहतो, त्याचं नाव गेस्ट एजंट. लोणावळ्याच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. मुंबईकराचा बंगला, वर्षभर बंद, आत केअरटेकर. मालकाचा फोन आला की हा पंखे पुसतो, पाणी तापवतो. आमचा कारभारीही तसाच. मालकाच्या यंत्राकडून हुकूम आला की आमचं यंत्र नीट बंद करतो. बॅकअप घ्यायचा असला की आतल्या सगळ्यांना "जरा हलू नका रे" म्हणून थोपवून धरतो, फोटोग्राफरसारखा. कामाचा माणूस आहे, नाही असं नाही.

पण त्याला आणखीही हुकूम सोडता येतात. अमुक फाइल वाचून दाखव. तमुक कमांड चालव. पासवर्ड बदल. आणि तो घरात फिरतो ते घरधन्याच्या रुबाबात. त्याला कुठलंच दार बंद नाही. म्हणून शहाण्या लोकांनी यंत्राच्या गाभ्यातच एक नियमावली बसवली. प्रत्येक प्रोग्रॅमच्या कपाळावर एक चिठ्ठी, प्रत्येक फाइलच्या कपाळावर एक चिठ्ठी, आणि कुठल्या चिठ्ठीने कुठल्या चिठ्ठीला हात लावायचा ते आधीच ठरलेलं. जे ठरलेलं नाही, ते बंद. फाइल ज्याची आहे तो म्हणाला "जाऊ द्या हो, आपलाच आहे", तरी बंद. याला मँडेटरी अॅक्सेस कंट्रोल म्हणतात. मी त्याला 'इथे कुणाचा शब्द चालत नाही' म्हणते.

चाळिशीतल्या मला हे अजिबात पटायचं नाही. काय ध्यान होतं ते! गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पर्समध्ये सगळ्या सर्व्हरचे पासवर्ड, आणि चालणं असं की जणू वीजपुरवठा हिच्याच पदरातून होतो. नवीन यंत्र हातात आलं की बाईसाहेब पहिल्या मिनिटाला ही नियमावली बंद करायच्या. "सासूबाईंना आधी गावी पाठवा, मग संसार मांडू," असं म्हणून स्वतःच हसायच्या. विनोद इतका आवडता होता की नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. आज मी स्वतः सासू आहे आणि तो विनोद मला विशेष वाटत नाही.

खरं म्हणजे मला हे आधीच कळायला हवं होतं. माझे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. मी शाळकरी असताना कधी त्यांचा डबा घेऊन गेटपर्यंत जायची. गेटवरचा शिपाई आमच्याच वस्तीतला. दोघं एकमेकांना जयभीम करणार, एकाच चंचीतली तंबाखू मळणार, आणि मग शिपाई हात पुढे करणार: "पास." ज्या रंगाचा पास, त्याच शेडमध्ये जायचं, शेजारच्या शेडमध्ये नाही. मी एकदा वडिलांना विचारलं, "तो तुम्हाला ओळखत नाही का?"

"वळखतो की," वडील म्हणाले. "म्हनूनच बगतो."

मला वाटलं वडिलांचा अपमान होतोय आणि बिचाऱ्यांना कळतसुद्धा नाहीये. पुढे शिकून-सवरून मी अभियांत्रिकीची पदविका घेतली, तरी हे वाक्य समजायला आणखी तीसेक वर्षं लागली. हुशार मुलगी, सगळे म्हणायचे.

तर गेल्या थंडीत एका सकाळी भाड्याच्या यंत्रवाल्या कंपनीतून फोन आला. आवाज तरुण, अति नम्र. अति नम्र आवाजाला मी आधीच खुर्ची देत नाही.

"मॅडम, तुमच्या मशीनमधला एजंट कमांड रिजेक्ट करतोय."

"कुठली कमांड?"

"फाइल वाचायची."

"बॅकअप होतोय ना रोज?"

"हो मॅडम, बॅकअप ओके आहे."

"मग तुम्हाला माझी फाइल कशाला वाचायचीय?"

"आम्हाला नाही मॅडम. तुमच्याकडूनच तक्रार आलीये, की एजंट चालत नाही. पॉलिसी आड येतेय. तुम्ही फक्त दोन मिनिटं ती सैल करा, मी इथून चेक करतो."

दोन मिनिटं! जगातल्या सगळ्या लबाडीला दोनच मिनिटं लागतात. "दोन मिनिटं ओटीपी सांगा." "दोन मिनिटं पर्स धरते." मी म्हणाले, "बाळा, तुमच्याकडूनच तक्रार आली असं बँकेच्या नावाने फोन करणारेही म्हणतात. तुझं गाव कुठलं?"

"मॅडम?"

"गाव, गाव. आई-वडील काय करतात?"

त्याने फोन ठेवायच्या आत मी ठेवला. मला फार बरं वाटलं. मग यंत्र उघडून बघितलं, आणि बरं वाटणं थांबलं.

नियमावली ज्याला अडवते त्याची नोंद ठेवते: कोण आलं होतं, कशाला हात लावत होतं. कारभारी पुन्हा पुन्हा एकाच फोल्डरच्या दाराशी गेला होता. त्यात कुठली बाई आणि तिची मुलं कुठं ठेवली आहेत याची माहिती असते. प्रत्येक वेळी दार लागलेलंच. पण कारभारी स्वतःहून कुठं जात नाही. त्याला कुणीतरी पाठवलं होतं.

त्या दिवसांत आमच्याकडे सुदुंबऱ्याकडची एक बाई होती, दोन लहान मुलांसकट. ती आली तेव्हा हाताची बोटं नीट मिटत नव्हती. नवऱ्याने निरोप पाठवला होता, "कुटं बी जाऊ दे, हुडकून काढीन." बाकीच्या बायकांचे नवरे असलं काही बोलून विसरतात. हा विसरणाऱ्यातला नव्हता, असं ती सांगायची, आणि तिचा माझ्यापेक्षा दांडगा अनुभव होता.

माझा संशय अर्थातच त्या नम्र आवाजावर. या कंपनीतल्या कुणाला तरी नवऱ्याने गाठलं असणार. मी कंपनीच्या बिलावरचा, म्हणजे माझ्या खात्रीचा, नंबर शोधून फोन लावला. म्हटलं, साहेबांनाच घेते आता फैलावर.

"नमस्कार, सपोर्ट," पलीकडून आवाज आला. "मॅडम, मघाशी मीच बोलत होतो."

आता काय करणार? मी घसा साफ केला. तोही बिचारा सांभाळून बोलायला लागला. "मॅडम, मी गाव सांगू का आधी?"

"ते राहू दे. तक्रार कुणाच्या लॉगिनवरून आली तेवढं सांग."

त्याने सांगितलं. लॉगिन आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं होतं.

संस्थेच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या ताई. तळेगावला राहतात. माझी त्यांची मैत्री इतकी जुनी, की त्यांच्या घरातल्या हळदीच्या डब्याची जागा मला त्यांच्या सुनेपेक्षा आधी माहीत. भाड्याच्या यंत्राचं नियंत्रण-पान उघडायचा पासवर्ड दोघींकडे, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. ताई या जन्मात गेस्ट एजंटला फाइल वाचायचा हुकूम सोडतील हे शक्य नव्हतं. त्यांना व्हॉट्सअॅपवरचा फोटोसुद्धा नीट पुढे पाठवता येत नाही. तरी तळेगावला जाताना सगळा रस्ता मी त्यांच्याबद्दल वाईटच विचार करत होते. त्या बाईला आसऱ्याच्या घरी न्यायला आल्या तेव्हा ताई "नवऱ्याची बाजूही ऐकायला हवी" म्हणाल्या होत्या ते आठवलं. मग त्या नेहमीच तसं म्हणतात तेही आठवलं. संशय असा कामाला लागला की जुनी गाठोडी सोडून बसतो.

ताईंनी दार उघडलं. "अगं, फोन न करता? बस, पोहे टाकते."

"पोहे नको. तुमचा पासवर्ड कुणाकडे आहे?"

"कुठला?"

"संस्थेच्या यंत्राचा."

"माझ्याकडेच आहे की. म्हणजे फोनमध्ये. ते सगळं भाच्याने लावून दिलंय, मला कुठं जमतंय." आणि माझं तोंड बघून त्या थांबल्या. "का गं? माझ्यावर संशय घेतेस?"

"घेतेय."

"एवढ्या वर्षांनी?"

"एवढ्या वर्षांची ओळख आहे म्हणून तर पोह्यांना नाही म्हटलं."

भाचा वरच्या खोलीत होता. चांगला चाळिशीचा बाप्या, हिंजवडीला मोठ्या पगारावर, त्या दिवशी घरून काम करत होता. ताईंनी जिन्यातूनच हाक मारली. तो उतरला, मला बघितलं, आणि मी काही विचारायच्या आत त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काकू, मी काही चोरी नाही केली," तो म्हणाला.

"मी म्हटलं का?"

तो बसला. सुदुंबऱ्याचा तो माणूस कुणाच्या तरी ओळखीने त्याच्याकडे आला होता. पेढे घेऊन आला होता. दारात बसून ओक्साबोक्शी रडला होता. पोरांना एकदा लांबून बघायचंय, एवढंच. "रडत होता हो काकू. पुरुष माणूस असा रडतो तेव्हा... मला वाटलं, नुसतं गावाचं नाव तर सांगायचंय. मामीचा पासवर्ड माझ्याकडे होताच. नियंत्रण-पानावरून एजंटला फाइल वाचायला सांगता येतं, ते मी शोधून काढलं. पण तुमच्या मशीनने काही ऐकलं नाही. मग तक्रार टाकली, एजंट बिघडलाय म्हणून."

"आणि त्या सपोर्टवाल्याला माझी शिकवणी मिळाली," मी म्हणाले.

ताई खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटलं त्या रडतील. पण त्या ताई आहेत. मान वर करून म्हणाल्या, "तू आधी त्या माणसाला फोन कर आणि सांग, मला काही सापडलं नाही, आणि पुन्हा या दारात यायचं नाही. इथं, माझ्यासमोर." भाच्याने फोन केला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पासवर्ड आत्ता बदल. आणि ऐक, याला नाही, पण मला तरी ते फोल्डर दिसेल असं कर. मी अध्यक्ष आहे. मीच मला कशी अडवून घेऊ?"

"ताई, तुम्ही पोहे टाका," मी म्हणाले.

"म्हणजे नाही?"

"म्हणजे नाही."

त्यांनी पोहे टाकले, पण वरून खोबरं घातलं नाही. त्यांचा राग मला असा चवीने कळतो.

संध्याकाळच्या आत आम्ही दोघी आसऱ्याच्या घरी गेलो. त्या बाईपासून हे लपवायचं नाही, यावर तरी आमचं एकमत होतं. ती मागच्या पडवीत मुलीची वेणी घालत होती. ताईंनी सगळं सांगितलं, भाच्यासकट, काही न गाळता, आणि तिला आता दुसऱ्या जागी हलवायचं आहे हेही. मी जोडलं, की तो वाचू शकला नाही, यंत्राने दार उघडलं नाही. माझ्या आवाजात जरा फुशारकी होती, तीही सांगून टाकते. चाळिशीतली ती बाई अजून माझ्यात कुठंतरी चहा पीत बसलेली असते.

बाईने वेणीला रिबीन बांधली. मुलीला आत पाठवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"त्याला न्हाई दिसलं, बरं झालं. नवी जागा ताईंना दिसती?"

"नाही दिसत."

"आन् तुमाला, मावशी?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तुमाला दिसतंय न्हवं? तुमीच तर कुलपं लावता."

"अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"त्ये बी म्हनले असते, आमी कुनाला सांगनार हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती भाजीवालीला भाव विचारावा तसं विचारत होती. "त्यो रडाय लागला की लय ग्वाड रडतो, मावशी. म्या धा वर्सं बगितलंय. तुमच्या दारात यिऊन रडला तर?"

ताईंनी हळूच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जरा समाधान होतं. खोबऱ्याचा हिशेब चुकता झाला.

परतताना कामशेतच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. पवनेच्या काठावर तंबू ठोकायला निघालेली पोरं गाडीच्या टपातून हात बाहेर काढून गात होती. मी गाडीत बसून त्या बाईवर चिडत होते. आयुष्यभर माझ्यावर कुणी असा संशय घेतला नव्हता. बोगद्याजवळ येईपर्यंत लक्षात आलं, की घेतला नव्हता कारण मीच सगळ्यांना सांगत आले होते, "मी आहे ना." कारभाऱ्याला खोल्यांची बंदी करून मी मात्र सगळ्या चाव्या कमरेला लावून मिरवत होते.

पुढचे काही दिवस मी काम केलं. संस्थेत एक समुपदेशक मुलगी आहे, बायकांशी बोलणारी, त्यांची सोय लावणारी. त्या बाईला मुलांसकट तिनेच नव्या जागी हलवलं, ताईंना आणि मला न सांगता. ते फोल्डर आता फक्त तिच्या प्रोग्रॅमला उघडतं. मी यंत्राची डागडुजी करू शकते, बॅकअप बघू शकते, बंद-चालू करू शकते; पण माझ्या लॉगिनच्या कपाळावर आता जी चिठ्ठी आहे, तिला ते दार नाही. नियमावली बदलायची सोयही मी बंद करून टाकली. ती परत उघडायची तर यंत्र बंद करून वेगळ्या वाटेने सुरू करावं लागतं, आणि सुरू होताना ते एक परवलीचा शब्द मागतं. तो शब्द त्या मुलीने टाइप केला, मी तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत असताना. समोरच्या घराच्या भिंतीवर शेवाळाचा एक डाग आहे, घोड्यासारखा. तो मी नीट पाठ केला.

कंपनीच्या मालकाने अगदी मनावरच घेतलं तर तो छपराची कौलं काढून डोकावू शकेल, हे मला ठाऊक आहे. यंत्र त्याच्या पोटात आहे. पण डोकावला तरी त्याला कुलूपबंद डबे दिसतील; त्या फायली आता सांकेतिक रूपात आहेत आणि किल्ली त्या मुलीकडे. आणि नुसतं बटण दाबून, पेढे खाऊन, कुणाला काही दिसणार नाही.

शेवटी मी स्वतःच्या लॉगिनने त्या फोल्डरला हात लावून बघितला. "परवानगी नाही." चाळिशीतल्या मला कुणी हे दाखवलं असतं, तर तिने कंपनीभर आरडाओरडा केला असता. मी उठून चहा टाकला.

तो आला माघ संपता संपता. मी फाटकाशी मेथी निवडत बसले होते, नात शेजारी रिकामी परात वाजवत होती. मोटरसायकल जरा लांब लावून तो चालत आला. नीटनेटका, शर्ट इस्त्रीचा, हातात पुडा.

"मावशी, तुमीच का त्या संस्थेचा कंप्युटर बगता?"

माझा पत्ता त्याला कुणी दिला, ते मी अजून शोधते आहे. नातीला आत जायला सांगितलं. ती गेली नाही, दाराच्या आड उभी राहिली.

"बघते."

तो उंबऱ्याच्या दगडावर टेकला. बायको चांगली, आपलंच चुकलं, पोरं रोज सपनात येतात. आणि मग तो रडायला लागला. ती म्हणाली होती ते खरं होतं. फारच गोड रडत होता. माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"मावशी, निस्तं सांगा, बरी हाय का. कुटं हाय तेवढंच."

"मला माहीत नाही."

"तुमी कंप्युटर बगता."

"बघते. पण ते मला दिसत नाही."

"खोटं बोलू नका, मावशी," तो म्हणाला, आणि रडणं जिथं होतं तिथंच थांबलं. नळ बंद करावा तसं. त्याने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. मला खोटं बोलता येतं, आणि चांगलं येतं, घरात विचारा. पण खोटं बोलणाऱ्याच्या तोंडावर कुठंतरी एक बारीक फट राहतेच, आणि हा माणूस ती फट हुडकण्यात तरबेज होता. त्याने डोळे बघितले, हात बघितले. बराच वेळ बघितलं. तिथं काही नव्हतंच.

तो उठला. पुडा फाटकाच्या खांबावर ठेवून गेला. मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकला, मग समुपदेशक मुलीला फोन लावला. तो येऊन गेला, गाडीचा नंबर हा असा, सांगून टाकलं. ती म्हणाली, बरं केलंत, पोलिसांना मी कळवते.

मग मला राहवलं नाही. "ती बाई नव्या जागी रुळली का गं? मुलं बरी आहेत?"

"कुठली बाई, मावशी?" मुलगी म्हणाली.

मी फोन ठेवला. नात खांबाशी जाऊन टाचा उंच करत होती. "आजी, पेढे!"

"हात लावू नकोस," मी म्हणाले.